एलईडी बोर्डावर अर्धं नाव बरोबर आणि पुढे सगळी गिचमिड? गोची एका छोट्या आयसीची असू शकते

भिवंडीत मानकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यातून संध्याकाळी चक्कर मारली की दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे गोदामं आणि त्यांच्यासमोर लागलेले ट्रक. दुसरी म्हणजे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसवर, मेडिकलवर, मोबाईलच्या दुकानावर पळणारी लाल अक्षरं.

असे बोर्ड बिघडतात तेव्हा बऱ्याचदा एक गंमत होते. अख्खा बोर्ड बंद पडत नाही. पहिली तीन पॅनल एकदम व्यवस्थित असतात आणि चौथ्यापासून पुढे नुसती ठिपक्यांची रांगोळी.

मालकाचा पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. मोबाईलवरून मजकूर पुन्हा पाठवला जातो. फरक पडत नाही. मग कंट्रोल कार्ड बदललं जातं. तरी तेच. शेवटी कुणीतरी सांगतं, "पॅनल गेलीत, सगळी नवीन टाका."

पण हात बसलेला कारागीर चौथं पॅनल उलटं करतो, आधी पट्टीची केबल तपासतो आणि मग वीस पायांची एक काळी आयसी बदलतो. कामाच्या भाषेत तिचं नाव 'टू फोर फाइव्ह'. बोर्ड सुरू.

आता प्रश्न असा की, ही आयसी दिवा लावत नाही, मजकूर साठवत नाही, हिशोब करत नाही. मग ती करते काय?

तर ती आलेला सिग्नल जसाच्या तसा, पण नव्या ताकदीने पुढे पाठवते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये याला बफर म्हणतात. आणि तिच्यातून जाणाऱ्या सिग्नलमध्ये सगळ्यात नाजूक सिग्नल असतो तो क्लॉकचा. दुकानाच्या बोर्डापासून तुमच्या फोनपर्यंत, प्रत्येक डिजिटल वस्तू या क्लॉकच्या तालावर चालते. तो ताल सगळीकडे नीट पोहोचवण्याचं काम क्लॉक ड्रायव्हर आणि क्लॉक बफर करतात.

डिजिटल वस्तूला क्लॉक कशाला लागतो?

इथे क्लॉक म्हणजे वेळ दाखवणारं घड्याळ नाही. क्लॉक म्हणजे ठोका. एका तारेवरचं व्होल्टेज वर जातं, खाली येतं, परत वर जातं. बस, एवढंच. पण अगदी नियमित.

डिजिटलमध्ये सगळी माहिती ० आणि १ मध्ये असते हे आपण शाळेपासून ऐकतो. पण तारेवरचं व्होल्टेज ० वरून १ वर एका झटक्यात जात नाही. मधल्या काळात ते ना धड ० असतं, ना धड १. त्याच क्षणी कुणी वाचलं, तर चुकीचं वाचणार. म्हणून नियम ठरलेला असतो की, मनाला येईल तेव्हा वाचायचं नाही. ठोका पडला की वाचायचं. दोन ठोक्यांच्या मधे काय बदल करायचे ते करून घ्या, पण ठोका पडताना सगळं स्थिर पाहिजे.

ठोक्यावर वाचून तो आकडा पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवणाऱ्या छोट्या सर्किटला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. एका आधुनिक चिपमध्ये असे लाखो फ्लिप-फ्लॉप असतात.

हा ठोका बहुतेक वेळा क्वार्ट्झच्या स्फटिकातून येतो. तुमच्या मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका.

भिवंडीला हे आधीपासून माहितीये

ही सगळी भानगड भिवंडीकरांना नवीन नाही, फक्त शब्द नवीन आहेत. साध्या यंत्रमागावर हेच चालतं.

धोट्याच्या मागावर एक मुख्य शाफ्ट फिरतो. त्याच्या एका फेऱ्यात तीन कामं होतात. ताण्याचे धागे वर-खाली होऊन मधे वाट उघडते. त्या वाटेतून धोटा बाण्याचा धागा घेऊन पलीकडे जातो. मग फणी येऊन तो धागा कापडाला ठोकते. माग मिनिटाला १५० फेरे मारत असेल, तर या तिन्ही कामांना मिळून ०.४ सेकंद मिळतो.

त्याच्या खाली दुसरा शाफ्ट असतो, तो निम्म्या वेगाने फिरतो. कारण धोटा एकदा उजवीकडून फेकायचा असतो आणि एकदा डावीकडून. म्हणजे मूळ ठोका एकच आहे, पण एका कामासाठी त्याला दोनने भागलंय. चिपमध्येही अगदी हेच करतात.

आता समजा धोटा जरा उशिरा निघाला. तो पलीकडे पोहोचायच्या आधीच धाग्यांची वाट मिटली. धोटा धाग्यांत अडकतो. मागाची सुरक्षा यंत्रणा चालली तर माग धाडकन थांबतो, नाही चालली तर शेकडो धागे तुटतात. धोटा चांगला, धागा चांगला, मोटर चांगली, तरी कापड खराब. चुकली ती फक्त वेळ.

बोर्डाच्या चौथ्या पॅनलवर झालं ते हेच.

पळणाऱ्या अक्षरांमागचा हिशोब

दुकानांवरच्या बोर्डांमध्ये खूप चालणारं पॅनल म्हणजे 'पी १०'. पी १० म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर १० मिलिमीटर. एका पॅनलवर आडवे ३२ आणि उभे १६ असे ५१२ दिवे असतात.

५१२ दिव्यांना ५१२ तारा देणं कुणालाच परवडणार नाही. म्हणून माहिती एका तारेवरून, एकामागून एक पाठवतात. एकरंगी पी १० पॅनलच्या मागे साधारणपणे १६ शिफ्ट रजिस्टर आयसी ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीत ८ जागा असतात. म्हणजे १२८ जागांची एक रांग झाली. प्रत्येक ठोक्याला रांगेतला प्रत्येक आकडा एक जागा पुढे सरकतो. १२८ ठोके झाले की रांग भरते आणि पॅनलचा एक चतुर्थांश भाग उजळतो. असं चार वेळा केलं की एक पूर्ण चित्र होतं. हे इतकं भराभर चालतं की डोळ्याला सगळे दिवे एकदम लागल्यासारखे वाटतात.

आता सहा पॅनल जोडा. सव्वासहा फुटांचा बोर्ड झाला. एका चतुर्थांश भागाला ७६८ ठोके, पूर्ण चित्राला ३,०७२ ठोके. चित्र सेकंदाला ६० वेळा जरी ताजं करायचं म्हटलं, तरी १,८४,३२० ठोके झाले. आणि यातला प्रत्येक ठोका ९६ आयसींना मिळाला पाहिजे. एकीनेही एखादा ठोका चुकवला किंवा एकाचे दोन मोजले, तर तिच्यापासून पुढची सगळी रांग सरकते आणि अक्षरं विस्कटतात.

मग एकच तार सगळ्यांना का पुरत नाही?

कारण प्रत्येक आयसीचा पाय म्हणजे एक बारीकशी टाकी आहे, असं समजा. तिच्यात थोडा चार्ज भरल्याशिवाय तिथलं व्होल्टेज वर जात नाही. एक टाकी पटकन भरते. पण एकाच बारीक नळाला ९६ टाक्या जोडल्या, वर सहा फुटांची केबल जोडली, तर पाणी हळूहळूच चढणार.

परिणाम असा होतो की, ठोक्याची कडा जी भिंतीसारखी सरळ हवी, ती घाटासारखी तिरकी होते. तिरकी कडा फार वाईट. व्होल्टेज रेंगाळत वर जात असताना जरासा गोंगाट मिसळला, तरी आयसीला वाटतं दोन ठोके पडले.

दुसरा त्रास उलटा आहे. कडा अगदी झटकन चढली आणि केबल लांब असली, तर सिग्नल टोकाला आपटून परत येतो, जसा विहिरीत आवाज घुमतो. या घुमण्यालाही आयसी कधी कधी दुसरा ठोका समजते.

म्हणून क्लॉकच्या तारेवर मधे मधे बफर बसवतात. त्याच्याकडे थकलेली कडा येते आणि तो ताजी कडा बाहेर काढतो. पी १० च्या प्रत्येक पॅनलवर हे काम टू फोर फाइव्ह करते. आलेला क्लॉक ती आपल्या पॅनलच्या आयसींना देते आणि पुढच्या पॅनललाही देते. म्हणूनच ती एका पॅनलवर गेली की मागचं सगळं ठीक राहतं आणि तिथून पुढचं सगळं बिघडतं.

ड्रायव्हर आणि बफर यांच्यात फरक काय, असं विचाराल तर सीमारेषा पुसट आहे. मुळापासून जोरदार सिग्नल हाकणाऱ्याला बहुतेक ड्रायव्हर म्हणतात, आणि मधे उभं राहून सिग्नल ताजा करून वाटणाऱ्याला बफर. खास क्लॉकसाठी बनवलेल्या बफर आयसी मिळतात, त्यांत एक ठोका आत जातो आणि चार, आठ, दहा सारख्याच प्रती बाहेर येतात.

उशीर चालतो, पण सारखा पाहिजे

बफर लावला की प्रश्न संपला का? नाही. कारण बफर स्वतःही थोडा वेळ खातो. टू फोर फाइव्हसारख्या आयसीत तो साधारण दहा नॅनोसेकंदांच्या घरात असतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग.

इथे ढोल-ताशा पथक आठवा. ताशेवाला सगळ्यात पुढे आणि मागे ३४ मीटर लांब ढोलांची रांग. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शेवटच्या ढोलवाल्याला ताशा ०.१ सेकंद उशिरा ऐकू येणार. त्याने कितीही बरोबर वाजवलं तरी टोल मागेच पडणार.

यावर उपाय काय? ताशेवाल्याला मधे उभं करा आणि ढोल त्याच्याभोवती गोल. आता प्रत्येकाला ताशा थोडा उशिराच ऐकू येतो, पण सगळ्यांना सारखाच उशिरा. सगळे टोल एकत्र पडतात.

क्लॉकच्या दोन ठिकाणच्या पोहोचण्यातल्या या फरकाला स्क्यू म्हणतात. उशीर सगळ्यांना सारखा असेल तर फारसं बिघडत नाही, बिघडवतो तो स्क्यू. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर काही तारा विनाकारण नागमोडी वळलेल्या दिसतात ना? त्या विनाकारण नसतात. जवळच्या तारेला मुद्दाम वळसे देऊन लांबच्या तारेइतकी लांबी दिलेली असते. चिपच्या आतही क्लॉकच्या वाटा झाडाच्या फांद्यांसारख्या सारख्या लांबीच्या काढतात.

स्क्यूचा एक भाऊ आहे, जिटर. स्क्यू म्हणजे दोन जागांमधला फरक. जिटर म्हणजे एकाच जागी ठोका कधी जरा आधी, कधी जरा उशिरा पडणं. पॉवर सप्लाय गोंगाटी असेल तर जिटर वाढतो.

उशिरामुळे नेमकं काय बिघडतं, तेही बोर्डावरच बघू. तिसरं पॅनल ठोक्याला आपला शेवटचा आकडा चौथ्याकडे ढकलतं. चौथ्याने त्याच ठोक्याला जुना आकडा उचलायचा असतो. पण चौथ्याकडे ठोका फार उशिरा पोहोचला, तर तोपर्यंत तारेवर नवा आकडा येऊन बसलेला असतो. चौथं पॅनल जुन्याऐवजी नवा उचलतं, एक आकडा गायब. याला होल्डची चूक म्हणतात. आणि आकडा वेळेत पोहोचायच्या आधीच ठोका पडला, तर ती सेटअपची चूक.

या दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. सेटअपची चूक झाली तर क्लॉकचा वेग कमी करून काम भागतं. पण होल्डची चूक वेग कमी करूनही जात नाही, कारण तो दोन वाटांमधल्या शर्यतीचा प्रश्न असतो. म्हणून चिप बनवणारे होल्डच्या चुकीला जास्त घाबरतात. बनून आलेल्या चिपमधल्या तारा बदलता येत नाहीत.

फोन आणि कॉम्प्युटरमध्ये तर अजून अवघड

बोर्डाचा वेग तसा निवांत. फोनचा प्रोसेसर सेकंदाला दोन-तीन अब्ज ठोक्यांवर चालतो. एक अब्ज ठोके म्हणजे एका ठोक्याला एक नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढा. सर्किट बोर्डवरच्या तारेत सिग्नल साधारण त्याच्या निम्माच पळतो.

क्लॉक वाटण्याची किंमत केवढी असते याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. १९९२ साली अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने अल्फा २१०६४ हा प्रोसेसर आणला. सुमारे १७ लाख ट्रान्झिस्टर आणि २०० मेगाहर्ट्झ वेग. त्या काळात हा वेग जबरदस्त होता. पण या चिपच्या एकूण विजेपैकी साधारण ४० टक्के वीज फक्त क्लॉक हाकण्यात आणि वाटण्यात जात होती. चिपच्या मधोमध एक प्रचंड क्लॉक ड्रायव्हर होता आणि तो भाग तापायचा. पुढच्या पिढ्यांत कंपनीने तो एक मोठा ड्रायव्हर तोडून अनेक ठिकाणी वाटला.

आजच्या फोनमध्ये म्हणूनच चिपचा जो भाग रिकामा बसलाय, त्याचा क्लॉक तात्पुरता थांबवतात. तुमची बॅटरी दिवसभर टिकते, त्यात याचाही वाटा आहे.

दुसरं उदाहरण थेट खरेदीचं. २०२४ पासून कॉम्प्युटरच्या रॅममध्ये 'सीयूडिम' नावाचा प्रकार बाजारात आलाय. साध्या डीडीआर५ रॅमपेक्षा त्यात एक चिप जास्त असते, क्लॉक ड्रायव्हर. ६४०० च्या रॅममध्ये क्लॉकचा एक ठोका ०.३ नॅनोसेकंदाच्या आसपास असतो. तेवढ्यात सिग्नल तारेवरून जेमतेम पाच सेंटिमीटर जातो, आणि रॅमची पट्टीच १३ सेंटिमीटरहून लांब! प्रोसेसरकडून आलेला ठोका इथपर्यंत थकून पोहोचतो, म्हणून त्याला पट्टीवरच ताजा करावं लागतं. सर्व्हरच्या रॅममध्ये असं क्लॉक ताजं करणारी चिप कितीतरी वर्षांपासून आहे.

एक ठोका, २५ किलोमीटर

सहा फुटांच्या बोर्डात एवढी कसरत, तर २५ किलोमीटरमध्ये काय होत असेल? याचं उत्तर पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, आणि त्या सगळ्या मिळून एक दुर्बीण होते.

हे जमायचं तर तीसही अँटेनांचा ताल एक हवा. त्यासाठी मुख्य केंद्रातून एकच मूळ संदर्भ सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून प्रत्येक अँटेनापर्यंत नेलेला आहे. दूरच्या अँटेनाला तो उशिरा मिळतो, पण किती उशिरा हे मोजून हिशोबात धरतात. तत्त्व तेच, जे ढोलांच्या रिंगणात आहे. उशीर टाळता येत नाही, तो ओळखून सांभाळावा लागतो.

बोर्ड बिघडला तर काय बघायचं?

परत भिवंडीत येऊ. बोर्ड एका ठराविक पॅनलपासून पुढे बिघडला असेल, तर सगळी पॅनल फेकायच्या आधी या गोष्टी तपासता येतात. आधी मेन स्विच बंद करायचा, कारण बोर्डाच्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्ट येतात.

एक, पट्टीची केबल. बिघाड जिथून सुरू होतो, त्या सांध्याची केबल बदलून बघायची. ती शक्य तितकी आखूड ठेवायची.

दोन, व्होल्टेज. ही तपासणी बोर्ड चालू असतानाच होते, म्हणून ती सवय असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यायची. पॅनलला ५ व्होल्ट लागतात. बारीक वायरने एकाच टोकाकडून वीज दिली, तर शेवटच्या पॅनलला कमी मिळते आणि तिथल्या आयसी सुस्तावतात. जाड वायरने दोन्ही बाजूंनी पुरवठा दिला की हा त्रास बऱ्याचदा जातो.

तीन, ग्राउंड. दोन पॉवर सप्लाय वापरले असतील तर त्यांच्या ५ व्होल्टच्या बाजूचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले हवेत. नाहीतर एकाचा ० दुसऱ्याला ० वाटतच नाही.

चार, नवीन वायफाय कार्ड. यातली बरीच कार्डं ३.३ व्होल्टचा सिग्नल देतात. ५ व्होल्टवर चालणाऱ्या 'एचसी' जातीच्या आयसीला १ ओळखायला साधारण ३.५ व्होल्ट हवे असतात. म्हणजे कधी चालतं, कधी नाही. अशा वेळी मधे 'एचसीटी' जातीची टू फोर फाइव्ह लावतात, तिला २ व्होल्ट पुरतात.

आणि पाच, पॅनलवरची टू फोर फाइव्ह. हे सगळं करूनही बिघाड तिथेच राहिला, तर ती बदलायची. अख्ख्या पॅनलच्या मानाने तिची किंमत किरकोळ असते. तरीही नाही झालं, तर मागच्या पॅनलची शेवटची शिफ्ट रजिस्टर आयसी तपासायची, कारण मजकूर तिच्यातूनच पुढे येतो.

आपण प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा हे विचारतो, रॅम किती जीबीची हे विचारतो. तो ठोका सगळीकडे वेळेवर पोहोचवणाऱ्या आयसीचं नाव कुठल्याच जाहिरातीत नसतं. धोटा धाग्यांत अडकेपर्यंत मागाच्या शाफ्टकडे तरी कोण बघतं?